घरच्या शाळेला सुट्टी नाही

 

सज्जनहो, अलीकडे आमच्या मालवण तालुक्यात कीर्तन संपले, आरती झाली, की एखादी माउली पदर सावरीत पुढे येते आणि हळूच विचारते, "बुवानू, झिलाक शाळेत घालूचा, की घरीच शिकवूचा?" पूर्वी हा प्रश्न कोणी विचारीत नसे. आता विचारतात, त्यास कारणे आहेत. शाळेची फी, वर शिकवणीची फी, पाठीवर दप्तर, हातात मोबाईल, आणि एवढे करून पोरगे घरात उलट उत्तरे देते. मग आईबापांस वाटते, की हे शिकविणे तरी कसले? आपणच शिकवले तर काय बिघडेल?

प्रश्न प्रामाणिक आहे. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडला आहे. मुलाला घरी शिकवावे की नाही, असे आपण विचारतो. पण घर त्याला शिकवीत नाही, असा एक दिवस तरी जातो काय? शाळेला रविवार आहे, दिवाळीची सुट्टी आहे, मे महिना आहे. घराच्या शाळेला सुट्टी नाही. तेथे हजेरी घेत नाहीत, घंटा होत नाही, पण पाठ मात्र अहोरात्र चालू असतो. म्हणून उत्तर देण्याअगोदर एक आख्यान ऐका.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक ऋषी आणि त्यांचा पुत्र श्वेतकेतू यांचा संवाद आहे. श्वेतकेतू बारा वर्षांचा झाला तेव्हा बापाने त्याला गुरुगृही पाठविले. बारा वर्षे तो तेथे राहिला, सगळे वेद शिकला आणि चोवीस वर्षांचा होऊन परत आला. आला तो कसा? ताठ मानेने! माझ्यासारखा विद्वान कोणी नाही, अशी चाल, अशी नजर. बापाने ओळखले, की पोराच्या पाठीवर ग्रंथ आले, पण पोटात काही उतरले नाही. मग बापाने काय केले? रागावला नाही, परत गुरूकडे धाडला नाही. घरीच शिकवायला बसला. वडाचे फळ आणवले, फोडायला लावले, आतले बी फोडायला लावले. आणि एके रात्री सांगितले, की हे मीठ घे, पाण्यात टाक आणि सकाळी ये. सकाळी म्हणाला, काल टाकलेले मीठ काढून दे पाहू. श्वेतकेतूने हात घालून चाचपले, मीठ सापडेना. बाप म्हणाला, वरचे पाणी चाखून बघ. खारट! मधले बघ. खारट! तळचे बघ. तेही खारट!

या दृष्टांताचा मुख्य अर्थ ब्रह्मविद्येचा आहे. सर्वांत भरलेले ते सत् डोळ्यांस दिसत नाही, पण आहे, हे बापाला सांगायचे होते. परंतु आपल्यासारख्या संसारी माणसाने त्यातून आणखीही एक गोष्ट घ्यावी. संस्कार हा त्या मिठासारखा आहे. घरात रोज काय पडते ते दिसत नाही. एक दिवस पोर जगात जाते, आणि जग त्याची चव घेते. मग कळते, घरात काय पडले होते! आपल्या जिल्ह्यात शिरोड्याची मिठागरे आहेत, त्याच मिठासाठी १९३० साली तेथे सत्याग्रह झाला. मीठ म्हणजे काय हे आम्हां दर्यावरच्या माणसांस वेगळे सांगणे नलगे. मूठभर वस्तू, पण चुकली की अवघे कालवण फुकट.

आता आपल्या संप्रदायाकडे या. वारकऱ्यांच्या घरात घरच्या शाळेचे पहिले नाव कोणते? आळंदीचे! विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीस गेले आणि गुरूंच्या आज्ञेने पुन्हा गृहस्थाश्रमात आले. समाजाने त्यांना वाळीत टाकले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार लेकरे झाली. पण संन्याशाची पोरे म्हणून मुंजीचा अधिकार नाकारला. मुंज नाही म्हणजे पाठशाळा नाही. पुढे आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, अशी परंपरा सांगते. मग ही लेकरे शिकली कोठे? घरी! थोरल्या निवृत्तीनाथांना गहिनीनाथांकडून नाथपंथाची दीक्षा मिळाली, आणि त्यांनी ती धाकट्या भावंडांना दिली. थोरला भाऊ हाच गुरू. शके १२१२ म्हणजे १२९० साली नेवाशास ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तेव्हा माउलींचे वय परंपरेने धरले तर अवघे पंधरा वर्षांचे.

आणि या शाळेची आणखी मौज बघा. लोकांच्या छळाने विटून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा समजूत कोणी घातली? सगळ्यांत धाकट्या मुक्ताईने. गुरू थोरला होता, पण त्या दिवशीचा पाठ धाकटीने दिला. घराच्या शाळेत इयत्ता नसते, मंडळी! तेथे बाप मुलाला शिकवतो तसा मूलही बापाला शिकवतो, आणि शिकून घेण्याइतका बाप मोठा असावा लागतो.

मंगळवेढ्याचे चोखोबांचे घर पहा. पत्नी सोयराबाई, पुत्र कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका. एका घरात पाच जणांची अभंगवाणी! त्यांना कोणत्या शाळेने शिकविले? कोणत्याही नाही. शाळेचे दार तर राहोच, देवळाचे दारही त्यांना बंद होते.

येथे मात्र थांबा आणि नीट विचार करा. आळंदीच्या लेकरांनी आणि चोखोबांच्या माणसांनी घरची शाळा हौसेने धरली नव्हती. बाहेरचे दार लोकांनी लावले होते, म्हणून घर हेच त्यांचे विद्यापीठ झाले. मग आज आपल्या पोरांसमोर जे दार उघडे आहे, ते कोणाच्या कष्टाने उघडले? १८४८ साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तेव्हा अंगावर शेणचिखल झेलला. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावोगाव कीर्तने केली, आणि ताटवाट्या विकाव्या लागल्या तरी पोराला शाळेत घाला, असे कळवळून सांगितले. पुढे २००९ साली कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. जवळच्या शाळेत मुलाचे नाव घालणे हे पालकाचे कर्तव्य, असेही त्यात म्हटले आहे. इतक्यांनी मिळून उघडलेले दार आपण मिजाशीने लोटून देऊ नये.

कोणी म्हणेल, बुवा, मग धामापूरचे काय? तेही सांगतो. धामापूर हे आमच्याच तालुक्यातले गाव. तेथला तलाव १५३० साली बांधला, काठावर भगवतीचे देऊळ आहे, आणि २०२० साली त्या तलावाची गणना जगातल्या वारसा जलसिंचन कामांत झाली. त्या गावी सचिन व मीनल देसाई या दांपत्याने आपल्या मुलीला शाळेत न घालता घरी, शेतात आणि गावात वाढविले, आणि 'स्यमंतक' या नावाने जीवनशिक्षणाचे काम उभारले. दूरदूरची तरुण मुले तेथे येऊन हाताने काम करीत शिकतात. हे उदाहरण खोटे नाही, आणि त्याला नावे ठेवण्याचे कारणही नाही. अशा मुलांना परीक्षेची वाटही बंद नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा देता येते, राज्य मंडळाच्या दहावी-बारावीस नियम पाहून सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसता येते.

पण त्यांचे बघून आपण करायचे, तर वरचे बघू नये, मूळ बघावे. मूळ हे, की आईबापांनी अगोदर आपले जगणे बदलले आणि मग मुलीला त्या जगण्यात घेतले. आपण काय करतो? आपले जगणे तसेच ठेवतो, आणि मुलाने तेवढे बदलावे म्हणतो! तेव्हा ज्या माउलीला घरी शिकवायचे आहे, तिने देवापुढे बसून मनाला तीन गोष्टी विचाराव्या. माझा दिवस मी या लेकराला देऊ शकते काय? पहाटे बंदरावर जाऊन मासळीची पाटी डोक्यावर घेणाऱ्या बाईला तो देता येणार नाही, आणि त्यात तिचा काही कमीपणा नाही. दुसरी गोष्ट, गावातली चार पोरे माझ्या पोराच्या संगतीत राहतील काय? आणि तिसरी सगळ्यांत अवघड: हे मी मुलाच्या ओढीने करते आहे, की 'त्या' लोकांच्या पोरांत माझे पोर बसू नये म्हणून करते आहे? तिसऱ्याचे उत्तर मनात अडखळले, तर खुशाल शाळेत नाव घालावे. कारण सोवळ्याची भिंत बांधून वाढविलेले पोर हुशार निघेल, पण वारकरी निघणार नाही. वारीत बघा, आळंदीहून पंढरीपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर कोण कोणाच्या पाया पडतो? म्हातारा पोराच्या पडतो, बुवा विणेकऱ्याच्या पडतो, आणि समोरच्याची जात कोणी विचारीत नाही. जी विद्या माणसाच्या पाया पडायला शिकवीत नाही, ती श्वेतकेतूची पहिली बारा वर्षे समजा.

आता बहुतेक वाचकांची मुले शाळेतच जातात आणि जावीत. त्यांना वाटेल, आम्ही सुटलो. कोणी सुटले नाही, बरं का! आपला कोकण विभाग दहावीच्या निकालात २०१२ पासून राज्यात पहिला येतो. २०२४ साली तर शंभरांत नव्व्याण्णव मुले पास झाली. आनंदाची गोष्ट आहे, मास्तरांचे व मुलांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण गुणपत्रिकेत खरे बोलण्याचा रकाना नसतो. म्हाताऱ्या आजयेला पाणी देण्याचे गुण नसतात. तो पेपर घरी असतो, आणि तो तपासणारा पुढे काळ असतो.

पाठ कसा पडतो ते पाहा. आता आपल्या किनाऱ्यावर पाहुण्यांचा धंदा वाढला आहे. घराघरात खोल्या केल्या, जेवणाची सोय केली. कष्टाचा पैसा आहे, वाईट काही नाही. पाहुणा ताटावर बसतो आणि विचारतो, "सुरमई आजचीच ना?" आत चुलीपाशी पोर उभे असते. त्याने ती परवापासून बर्फाच्या पेटीत बघितलेली असते. बाहेरून आवाज येतो, "आजचीच, एकदम ताजी!" झाला पाठ! त्या रात्री तुम्ही त्याला हरिश्चंद्राची गोष्ट सांगा, हरिपाठ म्हणून घ्या, ते मुकाट म्हणेल. पण मीठ कोणते विरघळले? आणि तेच जर आई म्हणाली, "दादा, ही परवाची, बर्फातली आहे, ताजे बांगडे आहेत, ते करू काय?" तर चार पैसे कमी येतील, पण जन्माचा पाठ फुकटात झाला. सत्यावर प्रवचन करावयाची मग गरज राहत नाही.

दुसरा पाठ रापणीचा. रापण ओढताना किनाऱ्यावर दोन दोऱ्यांना माणसे लागतात. जाळे वर आले, की मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. बारक्या पोराने दोरीला हात लावला, तरी त्याच्या हातावर कालवणापुरती मासळी ठेवतात. ते पोर घरी धावत येते तेव्हा त्याच्या हातात चार मासे असतात, पण ते शिकून काय आले? कष्टाला वाटा असतो, आणि वाटा एकट्याचा नसतो. अर्थशास्त्राचे मोठे पुस्तक पुढे वाचले तरी याहून वेगळे काय सांगणार?

तिसरा पाठ भजनाचा. चतुर्थीत आमच्याकडे वाडीतले भजन घरोघर फिरते. सात-आठ वर्षांचे पोर झांज घेऊन बसते. प्रथम ताल चुकतो, बुवा डोळ्यांनीच खुणावतात, शेजारचा हात धरून लय दाखवितो. त्याला कोणी नापास करीत नाही आणि उठवीतही नाही. हळूहळू त्याला कळते, की आपली झांज मोठ्याने वाजविण्यात मोठेपण नाही, ती दुसऱ्याच्या टाळात मिळण्यात आहे. मग काळ्या वाटाण्याची उसळ खाऊन सगळे पुढच्या घरी जातात. ज्या आईबापांनी अभ्यास बुडेल म्हणून पोराला या भजनातून उठविले, त्यांनी कोणता अभ्यास बुडविला याचा हिशेब करावा.

२०२० सालच्या मार्चमध्ये महामारीने शाळा बंद झाल्या, तेव्हा तर प्रत्येक घर नाइलाजाने शाळा झाले. कोणी मुले रेंजसाठी डोंगरावर आडोसा करून बसली आणि चिकाटीने शिकली. कोठे मात्र असे झाले, की अभ्यासासाठी दिलेला मोबाईल अभ्यास संपल्यावर परत आलाच नाही. मोबाईलला शिव्या देऊन काय होणार? बाप जेवताना त्यातच मान घालतो, आई उत्तर देताना वर बघत नाही. मग पोराने कोणाकडे बघावे? मूल आपल्या कानांपेक्षा डोळ्यांनी अधिक शिकते.

आता कोणी म्हणेल, बुवा, आम्ही सगळे नेटके केले, तरी मुलगा आमच्या वाटेने गेला नाही. अशा आईबापांनी नाथांच्या घराकडे बघावे. पैठणास एकनाथमहाराजांसारखा बाप, पण पुत्र हरिपंडित संस्कृताचे मोठे विद्वान; बापाने प्राकृतात पुराण सांगावे आणि भलत्यांच्या पंगतीला बसावे, हे त्यांना रुचले नाही. ते रुसून काशीस निघून गेले. आम्हां पाठशाळेत घोकंपट्टी केलेल्या मंडळींनी ही कथा कधी विसरू नये. नाथांनी काय केले? मुलाला टाकले नाही, शाप दिला नाही. काशीस जाऊन त्याला परत आणले, त्याच्या अटीही मान्य केल्या, आणि शांतपणे वाट पाहिली. पुढे हरिपंडितांचे मन वळले, अशी कथा आहे. नाथांच्या घरात मीठ पडलेच होते. विरघळायला वेळ लागला एवढेच. म्हणून लेकरू रुसले तरी घराची ताटी आपण आतून लावू नये.

शेवटची गोष्ट आपल्या कोकणातली. दापोलीजवळच्या पालगडास १८९९ साली साने गुरुजी जन्मले. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्या माउलीजवळ पदवी नव्हती, पैसा नव्हता. दारिद्र्य मात्र होते. चुलीपाशी, विहिरीपाशी, आजारपणात, जसा प्रसंग येईल तसा तिने पाठ दिला. त्याचे फळ काय? मुलगा भला माणूस झाला, एवढ्यावर ती गोष्ट थांबत नाही. १९४७ च्या मे महिन्यात त्याच मुलाने पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले, आणि पांडुरंगाच्या मंदिराचे दार अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेल्या भाविकांस उघडावे म्हणून दहा दिवस अन्न घेतले नाही. ज्या दाराबाहेर चोखोबा उभे राहिले, ते दार उघडण्यासाठी पालगडच्या एका घरातला पाठ कामी आला! सज्जनहो, घरच्या शाळेची परीक्षा हीच. आपले मूल किती शिकले हा पहिला प्रश्न. त्याच्या शिकण्याने दुसऱ्या कोणाचे दार उघडले, हा शेवटचा.

म्हणून त्या माउलीला आमचे उत्तर असे, की बाय, शाळेत घाल किंवा देवाच्या साक्षीने घरी शिकव, पण घरचा पाठ तुझ्या हातचा आहे, तो शाळेवर टाकू नको. तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लागला, की सगळ्यांचे मोबाईल कोनाड्यात जाऊ देत, पहिला बापाचा. एक वेळ हरिपाठ होऊ दे, अर्थ कळो न कळो, सगळ्यांच्या मुखाने होऊ दे. घरातले एक काम मुलाचे ठरव, मुलगा असो वा मुलगी, आणि ते दुसऱ्या कोणी करू नये. खोटे बोलून मिळणारा पैसा त्याच्यादेखत एकदा तरी परत कर. आणि दर एकादशीला शेजारची चार पोरे, ज्यांच्या घरी शिकवायला कोणी नाही, ती आपल्या पडवीत बसव; जे आपल्या पोराला देतेस, ते त्यांनाही दे. कारण मीठ बरणीत कितीही शुभ्र दिसले तरी तेथे त्याचा उपयोग नाही. ते दहा जणांच्या कालवणात विरघळले, तरच त्याचे मीठपण सिद्धीस गेले.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल! श्रीज्ञानदेव तुकाराम!